जाळलेला कोपरा

मोहाची फुलं वाळत घातली की पंधरा-वीस दिवस आमच्या घराला एक वास धरून राही. गोड, जरासा आंबूस, नवख्या माणसाला डोकं धरायला लावणारा. नागभीडहून कुणी पाहुणा आला की ओसरीवरच नाक मुरडायचा. आम्हाला मात्र तो वास कधी आलाच नाही. अंगणात फुलं, ओसरीवर फुलं, बाबांचं जाळं ज्या खुंट्यांवर टांगलेलं असे त्यांच्या खालीही फुलं. चालायला एक पायवाट तेवढी मोकळी. त्या वाटेवरून सकाळी तळ्यातले झिंगे आत यायचे आणि मोठीमाय ते परातीत घेऊन निवडत बसायची. झिंगे, लाखोळीची डाळ आणि तांदळाची भाकर, एवढ्यावर आमचा उन्हाळा निघे. आता डॉक्टरांनी मला डाळ मोजून खायला सांगितलं आहे. मी ऐकते, पण मनातून नाही.

मोठीमाय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. नाव भागीरथी, गावासाठी भागीबाई. काका मी पाहिलेले नाहीत. माझी आई मी चालायला लागायच्या आधी गेली, तेव्हापासून चूल, मी आणि बाबा असे तिघंही मोठीमायच्या हातात आलो. ती फार बोलायची नाही. रागावली तर भांडी जरा जोरात ठेवायची, एवढंच. माझ्या मात्र सगळ्या हट्टांना ती हो म्हणायची, आणि हे मला लहानपणापासून नीट ठाऊक होतं. या प्रकरणात जे लिहायचं आहे त्याचं मूळ तिथेच आहे, म्हणून आधी सांगून ठेवते.

आमच्याकडे मोहफुलं वेचायला जायची एक रीत होती. प्रत्येक घराची झाडं ठरलेली. आदल्या दिवशी झाडाखालचा पाचोळा जाळून जमीन काळी करायची, म्हणजे पहाटे पडलेली पिवळट फुलं त्यावर उठून दिसतात. घरून दोघी-दोघींनी निघायचं, आपापल्या झाडाच्या बुंध्याकडे पाठ करायची आणि तोंड जंगलाकडे ठेवायचं. थोड्या थोड्या वेळानं एकीनं ‘कूऽऽ’ करायचं आणि बाकीच्या झाडांखालून उत्तर यायचं. उत्तर आलं नाही तर टोपली टाकून सगळ्या तिकडे धावायच्या. आणखी एक नियम होता, तो सगळ्यात कडक. जंगलात काही दिसलं, ऐकलं, पायाचा ठसा सापडला किंवा वाघ-बिबट्याला पाहून वानर खोकललेलं कानावर आलं, तर घरी आल्यावर डोक्यावरची टोपली खाली ठेवायच्या आधी ते सांगायचं. टोपली टेकली की माणूस फुलांत, चुलीत, पोरांत गुंतला, विसरला. सांगितलं की बाबा किंवा दुसरा कुणी पारावर जाऊन ओरडून येई, आणि त्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकली जाई. मग आठ दिवस ते झाड बंद. फुलं सडली तरी चालतील, कुणी जायचं नाही.

मी तेव्हा नागभीडच्या बसस्टँडजवळच्या फोटो स्टुडिओत काम शिकत होते. मालक गुलाबभाऊ. अंगानं बारीक, दातांत कायम काडी, आणि उजेडाविषयी बोलायला लागले की समोरचं गिऱ्हाईक विसरायचे. लग्नाच्या जोड्या आणि ओळखपत्रांचे फोटो यांवर त्यांचं पोट होतं, पण जीव रानातल्या फोटोंत. दुपारी गर्दी ओसरली की मला खिडकीजवळ बसवून ते पडदा कधी इकडे कधी तिकडे सरकवत. ‘पाह्य सुलभा, उजेड तुया पाठीमागून समोरच्याच्या तोंडावर पडला का तो माणूस सपाट दिसते. बाजूनं येऊ दे, त्याचं नाक-डोळे जागेवर येते. अन् उजेड त्याच्या मागून आला ना, तं त्याची नुसती कड पेटते. बाकी सारं पाहणाऱ्यानं समजून घ्यावं लागते.’ माणूस चौकटीच्या मधोमध उभा करायचा नाही, हेही त्यांनीच शिकवलं. एका बाजूला घे, उरलेली जागा मोकळी सोड. मोकळी जागा म्हणजे वाया गेलेली जागा नव्हे, हे मला पटायला सहा महिने लागले.

त्या उन्हाळ्यात माझ्या लग्नाचं बोलणं सुरू झालं होतं. मुलगा चांगला होता, शेती होती, पण त्यांना फोटो काढणारी सून नको होती. बाबा अडचणीत. गुलाबभाऊंनी मार्ग काढला. म्हणाले, पोरीनं रानातला एक फोटो असा काढावा की मी तो दुकानाच्या काचेत नवरा-नवरीच्या जागी लावीन, खाली तिचं नाव लिहीन. तो लागला तर तिला दोन वर्षं शिकू द्या. बाबांनी मान डोलावली. त्यामुळे तो फोटो माझ्यासाठी काय होता ते सांगायला नको. मला तो हवाच होता.

रविवारी स्टुडिओला सुट्टी. गुलाबभाऊंचा जुना कॅमेरा आणि लाकडी तिपाई घेऊन मी मोठीमायबरोबर आमच्या झाडाकडे निघाले. नाल्याच्या काठी, बांबूच्या रांजीला, म्हणजे दाट बेटाला, लागून ते झाड होतं. सूर्य नुकताच वर आला होता आणि शेजारच्या झाडाखाली जाळलेल्या पाचोळ्याचा धूर अजून जमिनीलगत रेंगाळत होता. त्या धुरातून उन्हाच्या तिरप्या पट्ट्या उतरल्या होत्या. हातानं धरता येतील अशा. मला असा उजेड पुन्हा आयुष्यात चार-पाच वेळाच मिळाला, आणि दर वेळी मी आधी सावलीकडे पाहिलं.

मोठीमाय रीतीप्रमाणे बुंध्याकडे पाठ करून, नाल्याकडे तोंड ठेवून बसली. पण त्यानं तिचा चेहरा सावलीत जात होता आणि पदराची कड पेटत नव्हती. मी म्हटलं, ‘मोठीमाय, तू अशी फिर. माझ्याकडं पाहून वेच. नाला मागं राहू दे.’

‘पाठ कशी करू वो तिकडं?’

‘एवढाच एक फोटो. मी आहे ना समोर.’

ती फिरली. मी तिला चौकटीत डावीकडे घेतलं आणि उजवीकडचा सगळा काळोख, बांबूची रांजी आणि नाल्याची कड, मोकळा सोडला. उजेड कमी होता. शटर बराच वेळ उघडं ठेवावं लागणार होतं. तेवढ्या वेळात ती हलली असती तर सगळं पुसट झालं असतं. म्हणून सांगितलं, ‘आता हलू नको. कू करू नको. श्वास धरून ठेव.’

तेवढ्यात दूरच्या झाडाखालून शेजारच्या पार्बताबाईची ‘कूऽऽ’ आली. मोठीमायनं सवयीनं तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मिटलं. मी शटर दाबलं. मग आणखी एकदा. दुसऱ्यांदा दाबताना नाल्याच्या वरच्या झाडावर वानर खोकललं. एकदाच, कोरडं. त्यानंतर पाखरंही बोलेनात. मोठीमाय तरीही हलली नाही, कारण मी हलू नको म्हटलं होतं. ती नुसती हळूच बोलली, ‘सुले, झालं का? चाल आता. वानर उगाच नाई खोकलत.’

टोपली अर्धीच भरली होती. पार्बताबाईला हाक मारून आम्ही तिघी निघालो. ती पुढे झाली आणि वाटेत मी मोठीमायचा हात धरला. दुसरा फोटो हलला असणार याची मला खात्री होती. पहिल्याचाही भरवसा नव्हता. आठ दिवस झाड बंद झालं असतं तर फुलांचा हंगाम संपला असता, धूर संपला असता आणि मुलाकडची माणसं येऊन बसली असती. मी म्हटलं, ‘घरी सांगू नको ना. पुढच्या रविवारी एकदा येऊ. मग सांग. वानर काय, कोल्ह्यालाही खोकलतं.’

‘असं नाई करू, बाई.’

‘माझ्यासाठी.’

तिनं दुसऱ्या हातानं टोपली सावरली. घर आलं तेव्हा बाबा दारात जाळं सांधत बसले होते. मोठीमाय टोपली डोक्यावर घेऊन उंबऱ्याबाहेर थांबली. मी कॅमेरा आत ठेवायला गेले. त्याला धूळ लागू नये म्हणून फडक्यात गुंडाळला, पेटीत ठेवला, पेटी लावली. बाहेर आले तर टोपली खाली होती, मोठीमाय पाय धूत होती आणि बाबा खाली मान घालून जाळ्याच्या गाठी मारत होते. कुणी पारावर गेलं नाही. तिनं माझं ऐकलं, असं मला वाटलं आणि मी खूश झाले. एवढ्या वर्षांनी त्या खूश होण्याचीच मला सगळ्यात लाज वाटते.

मंगळवारी दुपारी गुलाबभाऊंच्या डार्करूममध्ये मी रोल धुतला. पहिला फोटो आला होता. लाल दिव्यात, तबकातल्या औषधाच्या पाण्याखाली, कागदावर मोठीमाय हळूहळू वर येऊ लागली. आधी भोवतालचा काळोख, मग हात, मग पदराची कड आणि धुरातल्या पट्ट्या. मी श्वास सोडला. उजवीकडे काळोखही छान उतरला होता, फक्त कोपऱ्याजवळ दोन फिकट ठिपके होते, शेजारी शेजारी. पानांतून पडलेलं ऊन असावं. गुलाबभाऊंनी कागद चिमट्यानं उचलला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, ‘लागला काचेत. फक्त थे ठिपके जाळ. कडेवर पांढरं राह्यलं का डोळा तिकडंच पळते.’

जाळायचं म्हणजे मधोमध भोक पाडलेला पुठ्ठा फोटो मोठा करायच्या यंत्राखाली धरून कागदाच्या तेवढ्याच भागावर जास्त उजेड सोडायचा. ज्या जागेला जास्त उजेड द्यावा ती कागदावर जास्त काळी होते. मी पुठ्ठा हलवत मनात वीस मोजले, पुन्हा दहा. नवा कागद पाण्यात टाकला. कोपरा एकसारखा काळा झाला. मला आठवतं, मी शीळ घातली होती.

बुधवारी संध्याकाळी एक प्रत घरी नेली. बाबांनी हात पुसून ती घेतली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला ते जाळं आत ठेवायला गेले. मोठीमायनं स्वतःला आधी ओळखलंच नाही. मग लाजली, मग पुन्हा पाहिलं. तिचं बोट फोटोवरून फिरत फिरत उजव्या कोपऱ्यावर थांबलं.

‘इथी एवढा अंधार नव्हता वो, सुले.’

‘अंधार असला की उजेड दिसतो, मोठीमाय.’

‘नाई, पण रांजी दिसत होती. खालची वाट दिसत होती. तुया फोटोत काहीच नाई दिसून राह्यलं.’

मी तिला कड म्हणजे काय, मोकळी जागा म्हणजे काय, हे समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. फोटो तर झाला होता. झाड बंद करायला सांगावं, असं त्या क्षणी माझ्या मनात आलं, हे मी खोटं लिहिणार नाही. पण दुसरी चौकटही डोक्यात तयार होती. तिच्या ओंजळीतून फुलं पडताहेत आणि मागून ऊन. मी गप्प राहिले.

अलीकडे मी जंगल सफारीच्या मोहर्ली गेटवर कधीमधी जाते. हातभर लांबीच्या लेन्स घेऊन माणसं जिप्सीत उभी असतात आणि मिळाला का, मिळाला का, एवढंच एकमेकांना विचारतात. माझ्याकडे शिकायला येणारी पोरं तर मोबाइलवर बोट सरकवून सावली उजळ करतात, काळोखात काय काय आहे ते एका क्षणात बाहेर काढतात. मी त्यांना रागावते, म्हणते सावली आधी बघायला शिका, मग उजळा. पोरांना वाटतं बाई जुन्या वळणाच्या आहेत.

शनिवारी मी स्टुडिओत होते. काचेत माझा फोटो लागून दोन दिवस झाले होते आणि मी बाहेर जाऊन जाऊन तो पाहत होते. अकराच्या सुमारास आमच्या गावाकडची बस आली. कंडक्टर ओळखीचा. तो बस सोडून दुकानात आला, माझ्याकडे न पाहता गुलाबभाऊंशी काही बोलला. गुलाबभाऊंनी दातांतली काडी काढली. मग त्यांनी सरळ जाऊन काचेतला फोटो काढला आणि पालथा ठेवला. तेव्हाच मला कळलं.

मोठीमाय आमच्या झाडाखाली होती. पार्बताबाईच्या हाकेला उत्तर आलं नाही म्हणून बाया धावल्या, तर टोपली सरळ होती, फुलं सांडलेली नव्हती. ती पुढे नाल्यात सापडली. जंगलखात्याचे नाकेदार आले, पंचनामा झाला, वाघिणीचे ठसे आठवडाभराचे निघाले, जुन्यावर नवे. रांजीत वाघिणीची बसायची जागा होती, गवत दबून गुळगुळीत झालेलं. गार्ड सहज बोलून गेला, ‘रोजच बसत होती इथी.’ मी ते ऐकलं.

दुःखापाठोपाठ बोलणं सुरू झालं. पार्बताबाई रडत रडत म्हणाली की रविवारी वानर खोकललेलं तिनंही ऐकलं होतं, पण झाड भागीबाईचं, सांगणं भागीबाईचं, म्हणून ती बोलली नाही. मग काऊन नाई सांगतलं भागीनं? झाड बंद झालं असतं म्हणून. फुलाची लालच, बापा. तेरवीच्या पंगतीतही हेच. जिनं आयुष्यभर एक नियम मोडला नाही, तिचं नाव गावानं तेरा दिवसांत लालची म्हणून ठरवून टाकलं. मी वाढत होते. माझ्या हातात आमटीचं भांडं होतं आणि मी पुढच्या पानाकडे सरकले. बाबाही खाली मान घालून बसले होते. तिचा दुसरा फोटो घरात नव्हता, म्हणून तोच मोठा करून भिंतीवर लावला आणि त्याला हार घातला.

पुढच्या सोमवारी मी डार्करूमचं दार लावून घेतलं. निगेटिव्ह यंत्रात घातली, यंत्र वर चढवलं आणि नुसता उजवा कोपरा कागदभर मोठा केला. या वेळी काही जाळलं नाही, उलट उजेड कमीच दिला. पाण्यात भोवतालचा काळोख चढला आणि ते दोन ठिपके पांढरे राहिले. मग त्यांच्याखाली गालाचे पांढरे केस, मग एक कान, मग बांबूच्या उभ्या रेघांत न मिळणाऱ्या दोन-तीन आडव्या रेघा. वाघिणीच्या डोळ्यांवरचे पांढरे डाग होते ते. ती मोठीमायच्या पाठीकडे पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. कागद तसाच पाण्यात राहून काळा पडला. मी दुसरा केला, तो वाळवला आणि पेटीच्या तळाशी ठेवला.

लग्नाचं बोलणं मोडलं. मी शिकले, पुढे आलापल्लीच्या सागवनात, सिरोंचाच्या नदीकाठी, कुठे कुठे फिरले, नाव झालं. बक्षिसं घेताना प्रत्येक वेळी वाटायचं की आता कुणीतरी उठून विचारेल. कुणी विचारलं नाही. बाबा म्हातारे झाले. मी सुट्टीला घरी जायची, आम्ही दोघं त्या फोटोखाली बसून जेवायचो, आणि दोघंही भिंतीकडे पाहायचं टाळायचो. मला वाटायचं त्यांना दुःख आवरत नाही म्हणून.

शेवटच्या आजारात ते ओसरीवर खाटेवर होते. एका दुपारी मला ते ओझं पेलेना. पेटीतला कागद काढून त्यांच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. मी तिला गप्प बसायला सांगितलं, मी ठिपके जाळले, मी घरी आणलेल्या फोटोतही सत्य ठेवलं नाही. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. त्यांचा अंगठा त्या कानावरून फिरत राहिला.

‘मले मालूम होतं,’ ते म्हणाले.

‘काय?’

‘वहिनीनं सांगतलं होतं मले. टोपली डोक्यावर होती तिच्या. तू आत गेली होतीस. म्हणे, भाऊजी, वानर खोकललं, झाड बंद करा, पण पोरीचा एक फोटो राह्यला म्हणते. आता तुमी पाहा.’ ते थांबले. दम लागत होता. ‘मी म्हटलं, ठेव टोपली. रविवार होऊ दे. एवढ्यानं काय होते.’

मी त्यांच्या पायाशी बसले. मला राग आला नाही, रडूही आलं नाही. एवढी वर्षं एकाच ओसरीवर, एकाच फोटोखाली, आम्ही दोघांनी आपापला कोपरा काळा करून ठेवला होता, आणि मधल्या मध्ये ती लालची ठरली होती. तिनं तर रीत मोडलीच नव्हती.

संध्याकाळी बाबा म्हणाले, ‘मले पारावर ने.’ चौघांनी खाट उचलली. पार्बताबाई काठी टेकत आली. बाबांना मोठ्यानं बोलवत नव्हतं, म्हणून ते थांबत थांबत बोलले आणि मी तेच शब्द मोठ्यानं सांगत गेले. ‘वहिनीनं सांगतलं होतं. म्या दाबून टाकलं.’ त्यांचं झाल्यावर मी माझं सांगितलं.  पार्बताबाईनं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, ‘मंग तिले एवढे वर्षं आमी काऊन बोललो रे बापा.’ तिसऱ्या दिवशी बाबा गेले.

भिंतीवरचा फोटो मी बदलला आहे. चौकट तीच, हार त्याच खिळ्याला, फक्त प्रत नवी, काहीही न जाळलेली. घरी येणाऱ्याची नजर आधी मोठीमायच्या पदराकडे जाते, मग धुराकडे, आणि मग गुलाबभाऊ म्हणायचे तशी कोपऱ्यातल्या ठिपक्यांकडे पळते. तो विचारायच्या आधी मी सांगायला लागते. तेव्हा तो अजून दारातच उभा असतो आणि हातातली पिशवी त्यानं खाली ठेवलेली नसते.